शेळ्या विकण्याआधी मोतीकडे बघा

पत्र थोडक्यात असं: लालबागला वाढलेल्या, लग्नानंतर आरे वसाहतीतल्या एका पाड्यावर राहायला आलेल्या या वाचक ताई चार महिन्यांच्या गरोदर आहेत. घरात नवरा, सासू-सासरे आणि पाच वर्षांची मुलगी. सासऱ्यांच्या नऊ शेळ्या आणि पाच करडं आहेत. जुलैत एक व्यायलेली शेळी गेली. तिच्या जबड्याखाली सूज यायची. संध्याकाळी जास्त, सकाळपर्यंत उतरायची. सासूबाईंनी हळदीचा लेप लावला. लेंडी बांधलेली होती, म्हणून पोटाचं काही नसेल असं सासरे म्हणाले. ती गेल्यापासून ताईंचे यजमान दर महिन्याला दुकानातून जंताच्या औषधाची बाटली आणून सगळ्यांना एकेक झाकण पाजतात. तरी आता एक तांबडी शेळी मलूल होऊन बाजूला उभी राहते. करडांना ढाळ लागलेत, त्यांच्या लेंड्यांत तांदळासारखे पांढरे दाणे दिसतात. त्याच सुमारास मुलीला रात्री शौचाच्या जागी खाज सुटायला लागली, बारीक पांढरे जंत दिसले. जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, “घरात जनावरं म्हटल्यावर जंत होणारच.” ताईंनी यजमानांना निर्वाणीचं सांगितलं: शेळ्या तरी राहतील, नाहीतर मी. सासरे दोन दिवस जेवले नाहीत. “बाळंतपणाला माहेरी जावं आणि परत येऊच नये असं वाटतं. मी स्वार्थी आहे का?” असं त्या विचारतात. पत्रात ओघात आणखी एक वाक्य आहे: “आखाडात घरचा बोकड कापला, तेव्हा काळजावर पाण्याने भरलेले फोड होते, ते आम्ही खाल्लं नाही, मोतीला टाकलं.” मोती हा घरचा कुत्रा. मुलगी त्याच्या गळ्यात पडून झोपते.

ताई,

बाकीचं उत्तर नंतर वाचा, आधी त्या तांबड्या शेळीकडे जा. किंवा यजमानांना पाठवा. उजेडात उभं राहून तिचा खालचा पापणा अंगठ्याने हलकेच खाली ओढायचा आणि आतल्या ओल्या कातडीचा रंग बघायचा. धडधाकट शेळीत तो लालबुंद किंवा गडद गुलाबी असतो. तांबडीचा कागदासारखा पांढरा असेल, तर आजच पशुवैद्यकाला बोलवा. घरातली बाटली पाजून मोकळं होऊ नका. आणि तिला चरायला बाहेर हाकू नका. अंगात रक्त उरलेलं नसताना चढावर चालवलं, तर अशी शेळी वाटेतच कोसळते. गोठ्यात कोरड्या जागी बसू द्या, पाला आणि पाणी तोंडाशी ठेवा.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. पोटात एक जीव आणि पदराला एक असताना आईला भीती वाटली, तर त्याला स्वार्थ म्हणत नाहीत. तुमची भीती खरी आहे. फक्त तुम्ही ज्या गोष्टीला घाबरलात आणि ज्या गोष्टीला घाबरायला हवं, त्या दोन वेगळ्या आहेत असं पत्र वाचताना मला सारखं वाटत राहिलं. मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि पुढची बरीच वर्षं शेळ्या-मेंढ्यांमध्येच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलीच्या जंतांपासून सुरुवात करू, कारण सगळी ठिणगी तिथे पडली. रात्री शौचाच्या जागी खाज आणि सुतासारखे बारीक पांढरे जंत, हे वर्णन सूतकृमींचं आहे. ते माणसाचे जंत. शेळीच्या पोटात ते राहत नाहीत आणि शेळीकडून येतही नाहीत. रात्री मादी बाहेर येऊन अंडी घालते, मूल खाजवतं, अंडी नखांत अडकतात, तिथून तोंडात, चादरीवर, शाळेतल्या बाकावर, दुसऱ्या मुलाच्या हातावर. सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जिथे मांजरसुद्धा पाळलेलं नाही, तिथल्या मुलांनाही ते होतात. तुमच्या डॉक्टरांनी घाईत एक वाक्य टाकलं आणि त्याचं खापर शेळ्यांवर फुटलं. मुलीचं औषध तिच्या डॉक्टरांकडूनच घ्या. सूतकृमी असले तर घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध घ्यावं लागतं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा, नाहीतर ते फिरून येतात. यात तुमचा अपवाद. तुम्ही गरोदर आहात, तेव्हा तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जंताची एकही गोळी घेऊ नका. अंगणवाडीत आणि शाळेत १० फेब्रुवारीला आणि १० ऑगस्टला जंतनाशक दिन असतो, तेव्हा मुलीला गोळी मिळाली होती का, तेही डॉक्टरांना सांगा.

करडांच्या लेंड्यांतले तांदळाचे दाणे म्हणजे पट्टकृमीचे तुटलेले तुकडे. गवतातल्या डोळ्याला न दिसणाऱ्या किड्यांतून तो करडांच्या पोटात जातो. दिसायला किळसवाणा, पण सगळ्या जंतांत तसा गरीब. फार झाले तर करडू अंग धरत नाही. माणसाला तो होत नाही. तुम्ही फोटो काढून डॉक्टरांना दाखवलात ते तुकडे याचेच. मला त्यांची फारशी चिंता नाही.

तुमची शेळी ज्याने गेली तो जंत डोळ्यांना दिसलाच नसणार. शेळी जिवंत असेपर्यंत तो बाहेर पडत नाही. शेळी-मेंढीला चार कप्प्यांचं पोट असतं. त्यातल्या चौथ्या कप्प्यात तो भिंतीला चिकटून रक्त पितो. शिकत असताना मरून आलेल्या मेंढीचं ते चौथं पोट आमच्यासमोर उघडून ट्रेमध्ये पाण्याने धुतलं, तेव्हा आधी नुसता लालसर गाळ दिसला. मग तो गाळ वळवळायला लागला. जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा एकेक दोरा. रक्ताने भरलेलं तांबडं आतडं आणि त्याभोवती पिळलेली अंड्यांची पांढरी नळी, असा लाल-पांढरा पीळ. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. ऐकायला काहीच नाही. पण हजार जंत असले की दिवसाला ५० मिलिलिटर झालं. पंचवीस किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून पावणेदोन लिटरच्या आसपास रक्त असतं. आता हिशेब तुम्हीच करा.

आणि म्हणूनच तुमच्या सासऱ्यांना दोष देऊ नका. या जंताने बहुतेकदा ढाळ लागत नाहीत, लेंडी शेवटपर्यंत बांधलेली राहते. रक्तातलं सत्त्व कमी झालं की पाणी झिरपून अंगाच्या सखल भागात साठतं. शेळी दिवसभर मान खाली घालून चरते, म्हणून संध्याकाळी जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. रात्री मान वर ठेवून बसली की ती उतरते. सकाळी उठून बघणाऱ्याला वाटतं, लेप लागू पडला. तुमच्या सासूबाईंना तसंच वाटलं असणार. चाळीस वर्षं जनावरं सांभाळलेली माणसंही या सुजेने फसतात. हळदीने नुकसान झालं नाही, दिवस मात्र गेले.

जुलैतच ती का गेली, याचंही उत्तर आहे. लेंडीतून पडलेल्या अंड्यातून उबेत आणि ओलाव्यात आठवड्याच्या आत शेळीला लागू शकेल अशी अळी तयार होते आणि पावसाच्या पाण्यावरून गवताच्या बुंध्याशी चढून बसते. शेळीच्या पोटात गेल्यावर साधारण तीन आठवड्यांत ती स्वतः अंडी घालायला लागते. मोठी मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. म्हणजे महिन्याला एक पिढी. आणि मुंबईच्या पावसाळ्याचे चार महिने, दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. त्यात भर म्हणजे व्यायच्या आधी दोनेक आठवडे आणि व्यायल्यावर महिना-दोन महिने शेळीची जंतांशी झुंजायची ताकदच कमी होते. तुमच्या शेळीवर दोन्ही एकदम आलं. दिवाळीच्या सुमारास आणखी दोन शेळ्या व्यायच्या आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्या दोघींचे पापणे आतापासून बघत राहायला हवेत.

दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येणारे आणि पावसाआधी कळप घेऊन पुन्हा वर कोरड्या मुलखात जाणारे मेंढपाळ तुम्ही पनवेल-पेणकडे पाहिले असतील. मेंढ्यांना या किनाऱ्यावरचा पाऊस मानवत नाही हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पाड्यावरच्या शेळीला कुठे जायची सोय नाही. ती चारही महिने त्याच ओल्या उतारावर चरते.

यजमानांच्या बाटलीबद्दल जरा नाजूकपणे लिहायला हवं, कारण त्यांनी ते काळजीपोटीच केलं. पण दर महिन्याला सगळ्यांना सारखं झाकण, यातली प्रत्येक गोष्ट जंतांच्या फायद्याची आहे. पंधरा किलोच्या पाटीला, म्हणजे तरण्या शेळीला, आणि पस्तीस किलोच्या मोठ्या शेळीला एकच झाकण म्हणजे मोठीला औषध कमी पडलं. शेळीचं शरीर बरीचशी जंताची औषधं मेंढीपेक्षा लवकर पचवून बाहेर टाकतं, त्यामुळे बाटलीवरच्या मेंढीच्या मापाने दिलं तर तेही अपुरं पडतं. अपुऱ्या औषधात जे जंत तगतात, त्यांचीच प्रजा पुढे वाढते. दोन-तीन वर्षांत ते औषध पाण्यासारखं होऊन जातं, आणि पाड्यावरच्या शेजाऱ्यांच्या शेळ्यांनाही मग ते लागू पडत नाही, कारण गवत सगळ्यांचं एकच. उलटा धोकाही आहे. काही औषधं थोडी जास्त झाली तरी शेळीला बाधतात, काही गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देऊच नयेत. म्हणून मी इथे मुद्दाम कुठलंही माप लिहीत नाही. वजन बघून ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

मग करायचं काय? दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांसाठी पापण्याच्या रंगांचा एक तक्ता तयार झाला, त्याला फमाचा म्हणतात. एक म्हणजे लाल, पाच म्हणजे पांढरा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी प्रत्येक जनावराचा पापणा बघायचा. चार आणि पाच नंबरला औषध द्यायचंच. तीन नंबरची बारीक, गाभण किंवा करडू असेल तर तिलाही. एक-दोनवाल्यांना नाही. ऐकायला उफराटं वाटतं, पण ज्यांना औषध दिलं नाही त्यांच्या पोटातले साधे जंत कुरणावर येत राहतात, त्यामुळे औषधाला न जुमानणाऱ्यांचं राज्य होत नाही. हाच तक्ता शेळ्यांनाही चालतो. मात्र तो फक्त रक्त पिणाऱ्या जंतासाठी आहे. बाकीचे जंत पापण्यावर दिसत नाहीत.

म्हणून दुसरं काम लेंडीतपासणी. ताजी लेंडी, जमिनीवरची नव्हे, शक्यतो थेट शेळीची, छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधायची. पिशवीवर कुठल्या शेळीची ते लिहायचं, गारव्यात ठेवायची आणि त्याच दिवशी पोचवायची. गोरेगावहून लोकलने प्रभादेवीला उतरून रेल्वेचा पादचारी पूल ओलांडला की परळ. पशुवैद्यकीय महाविद्यालय केईएमच्याच रस्त्यावर आहे, १८८६पासून. तुम्ही स्वतः जाऊ नका, यजमानांना पाठवा. ग्रॅममागे किती अंडी आहेत ते तपासणीत कळतं. औषध दिल्यावर दहा ते चौदा दिवसांनी त्याच शेळ्यांची लेंडी पुन्हा न्यायची. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली असतील, तर समजायचं की हे औषध तुमच्या गोठ्यात चालेनासं झालंय. मग डॉक्टर वेगळ्या जातीचं औषध देतील. घरच्या घरी नावं बदलून बाटल्या आणू नका. पुष्कळदा नाव वेगळं आणि आतलं औषध तेच असतं.

करडांचे ढाळ हा वेगळाच मामला आहे. महिना ते चार-पाच महिन्यांच्या करडांना, ओल्या आणि दाटीच्या गोठ्यात, ढाळ लागतात ते बऱ्याचदा कॉक्सीडियाने. तो जंत नव्हे, आतड्यात शिरणारा एकपेशी जीव आहे. जंताच्या बाटलीने त्याचं काहीही बिघडत नाही, त्याला वेगळी औषधं लागतात. तुमच्या पत्रात गोठ्याचं माप आहे: आठ बाय दहा. म्हणजे ८० चौरस फूट. मोठ्या शेळीला आत निदान १० चौरस फूट लागतात, तेव्हा नऊ शेळ्यांनाच ते पुरत नाही, करडं कुठे मावणार? बिबट्याच्या भीतीने रात्रभर दार बंद ठेवावं लागतं हेही तुम्ही लिहिलंय. ते बरोबरच आहे, आरेत उघडा गोठा ठेवून चालणार नाही. पण बंद दारामागे ओल्या जमिनीवर सगळी एकत्र बसली की करडं रात्रभर मोठ्यांच्या लेंड्यांत लोळतात आणि आईच्या मळलेल्या कासेला तोंड लावतात.

त्यावर उपाय आहे आणि तो सासऱ्यांच्या हातचा आहे. गोठ्यात जमिनीपासून दोन-तीन फूट उंच फळ्यांचा किंवा बांबूचा माळा करायचा. दोन पट्ट्यांमधून लेंडी खाली पडावी पण करडाचा पाय अडकू नये इतकीच फट. शेळ्या वर कोरड्यात बसतात, खालून रोज झाडून घेता येतं. करडांना कोपऱ्यात वेगळा कप्पा, दूध पिण्यापुरतं आईकडे सोडायचं. चारा जमिनीवर टाकायचा नाही, पाला जुडी बांधून शेळीच्या डोक्याच्या उंचीला टांगायचा. शेळी मुळात पाला ओरबाडणारी. मान वर करून खाते तेव्हा ती निसर्गतःच जंतांपासून दूर असते. आपणच तिला आखूड गवतावर सोडतो आणि बुंध्याशी बसलेली अळी तिच्या तोंडात जाते. पावसाळ्यात सकाळी लवकर सोडू नका, दव सुकू द्या. बाभळीसारख्या तुरट पाल्याने जंतांना थोडा आळाही बसतो, पण त्याच्या भरवशावर औषध टाळू नका.

आता ज्या वाक्याने मला पत्र खाली ठेवू दिलं नाही, त्याबद्दल.

काळजावरचे, म्हणजे यकृतावरचे, पाण्याचे फोड दोन प्रकारचे असू शकतात. एक बऱ्यापैकी निरुपद्रवी. दुसरा कुत्र्याच्या एका अगदी लहान पट्टकृमीची अळी-पिशवी, जिला हायडॅटिड म्हणतात. नुसत्या डोळ्यांनी आणि ऐकीव वर्णनावरून फरक करता येत नाही, तेव्हा दुसरा धरूनच वागायला हवं. तो पट्टकृमी पूर्ण वाढला तरी पाच-सात मिलिमीटरच्या वर जात नाही. कुत्र्याने फोडाचं काळीज किंवा फुप्फुस कच्चं खाल्लं की त्याच्या आतड्यात ते हजारोंनी वाढतात आणि साधारण दीड महिन्यात त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडायला लागतात. कुत्रा अंग चाटतो, अंडी केसांना चिकटतात. मूल त्याला कवटाळतं आणि त्याच हाताने पोळी खातं. माणसाच्या पोटात गेलेल्या अंड्यातून कृमी होत नाही, तोच पाण्याचा फोड होतो, बहुतेक यकृतात, कधी फुप्फुसात. तो वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. कळतं तेव्हा बऱ्याचदा ऑपरेशनच्या टेबलावर कळतं.

लक्षात घ्या, ते काळीज तुम्ही शिजवून खाल्लं असतं तरी हा आजार झाला नसता. वाट कुत्र्यातून आहे. तुम्ही ते किळस येऊन बाजूला टाकलंत, आणि बाजूला टाकलेलं नेमकं मोतीच्या पोटात गेलं. आखाड होऊन आता दीड-दोन महिने होत आले, म्हणून हे काम याच आठवड्यात करा: मोतीला पशुवैद्यकाकडे नेऊन झालेली गोष्ट जशीच्या तशी सांगा. पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल नावाचं चांगलं औषध आहे. ते दिल्यावर दोन-तीन दिवस त्याला बांधून ठेवा, विष्ठा हातमोजे घालून उचला आणि खोल पुरा, कारण औषधाने कृमी मरतात, अंडी मरत नाहीत. हे सगळं यजमानांनी करायचं, तुम्ही नाही. पुढे डॉक्टर सांगतील तितक्या अंतराने डोस चालू ठेवा. मोतीला हाकलून देऊ नका, दुसऱ्या पाड्यावर सोडूनही येऊ नका. मुलीला त्याच्या गळ्यात पडून झोपू मात्र देऊ नका. आणि एकदा मुलीच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. घाबरून लगेच तपासण्यांमागे लागायचं कारण नाही. त्यांना माहीत असावं इतकंच.

देवनारच्या कत्तलखान्यात कापलेलं जनावर पशुवैद्यक तपासतात आणि असे अवयव बाजूला काढतात. घरी कापलं तर ते बघणारं कुणी नसतं. म्हणून जे कुणी वाचक आखाडाला, जत्रेला, नवसाला घरी बोकड कापतात, गावी मेंढरं कापतात, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: फोड असलेलं काहीही कुत्र्याला कच्चं टाकू नका. अर्धा-पाऊण तास खळाखळा उकळा, नाहीतर कुत्रा उकरणार नाही इतकं खोल पुरा. वजडी धुतानाचं पाणी आणि त्यातली घाणही अंगणात ओतू नका.

तुमच्या पोटातल्या बाळाविषयी. यात शेळीचे पोटातले जंत जवळजवळ येतच नाहीत, पण शेळी येते. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी मांजराच्या विष्ठेतून चाऱ्यात, तिथून शेळीत जातो. शेळी गाभटते, म्हणजे गर्भ टाकते, त्याच्या कारणांपैकी हे एक आहे. गरोदर बाईला तो पहिल्यांदाच झाला तर बाळाला इजा होऊ शकते. अर्धकच्च्या मटणातून, कच्च्या दुधातून, मातीतून तो येतो. शिवाय शेळी व्याली किंवा गाभटली की जे पाणी आणि वार पडते, त्यातून ब्रुसेलासारखे दुसरेही जंतू येतात. तेव्हा दिवाळीत त्या दोघी व्यायच्या वेळी तुम्ही गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. कितीही अडलेली असली तरी. त्या दिवशीचे सासऱ्यांचे कपडे तुम्ही धुवायचे नाहीत. शेळीचं कच्चं दूध ताकदीचं असतं असं सासूबाई म्हणत असतील, त्यांना सांगा, उकळलेलंही तितकंच ताकदीचं असतं. मटण आतपर्यंत शिजलेलं हवं. आणि घरी शेळ्या आहेत हे तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा, तपासणी हवी का ते त्या ठरवतील.

मुलीसाठी एकच नियम: ढाळ लागलेल्या करडाला हात लावायचा नाही. लहान करडांच्या ढाळातला क्रिप्टोस्पोरिडियम मुलांना लागतो आणि जुलाब होतात. त्याला सॅनिटायझर पुरत नाही. साबण आणि वाहतं पाणी लागतं. करडू बरं झालं की खेळू दे तिला. ताज्या लेंड्यांचं खत परसातल्या कोथिंबीर-मेथीला घालू नका. ढीग करून मुरू द्या, मग वापरा.

राहिला शेळ्या विकण्याचा प्रश्न. आज, या अवस्थेत, त्या विकू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मलूल शेळीला भाव मिळणार नाही आणि तिचे जंत घेऊन ती दुसऱ्या कुणाच्या गोठ्यात जाईल. औषध दिल्यावर काही दिवस दूध आणि मटण वापरायचं नसतं, ते दिवस डॉक्टरांना विचारूनच पाळायचे, विकतानाही. पण नऊ हा आकडा तुमच्या गोठ्याला पेलत नाही, हेही खरं. बऱ्या झाल्यावर, पाऊस सरल्यावर, पाच-सहा ठेवून बाकीच्या द्याव्यात. कुठल्या ठेवायच्या ते सासऱ्यांनाच ठरवू द्या. एक खूण त्यांना सांगा: त्याच कुरणावर चरून जिचा पापणा पावसाळाभर लाल राहिला तिचा वंश ठेवावा. जंत सोसायची ताकद काही अंशी रक्तातूनच येते.

माहेरी जायचं तर जरूर जा, बाळंतपणाला लेकी जातातच. पण धमकी म्हणून जाऊ नका. आणि एक विचारू? शेळ्यांबद्दल तुम्ही जे बोललात ते सगळं यजमानांशी बोललात. सासऱ्यांशी एकदा तरी समोर बसून बोललात का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. त्यांना यजमानांच्या तोंडून ऐकू आलं ते फक्त “शेळ्या काढा”. दोन दिवस न जेवणाऱ्या माणसाला आधी एक शेळी गमावल्याचं दुःख आहे, ती कशाने गेली हे न कळल्याची बोचही असेल. उद्या त्यांना सुजेचं हे कारण वाचून दाखवा. मग म्हणा, दादा, मला गोठ्यात यायचं नाही, पण प्रत्येकीचा पापणा बघून मला रंग सांगाल का, मी वहीत लिहून ठेवते. तुमची वही आणि त्यांची नजर, दोन्ही लागणार आहे. लालबागच्या मुलीला शेळीतलं काय कळतं, असं ते कदाचित म्हणतील. म्हणू देत. पहिल्या पानावर तांबडीचं नाव घाला.

लेंडीचा अहवाल आला की मला कळवा. त्याबरोबर यजमान जी बाटली आणतात तिच्यावरचं आतल्या औषधाचं नावही लिहा, आणि मोतीला डोस दिल्याची तारीख.